आठ अंकी संख्या उलगडताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

‘या संख्येचे गुणधर्म काढा’ असा प्रश्न आला की बहुतेक जण एकदम सगळीकडे हात घालतात. कुणी आधी वर्गमूळ काढतं, कुणी अंकांची बेरीज, कुणी थेट विभाजक मोजायला बसतं. सूत्रं बरोबर वापरूनही उत्तर चुकतं, कारण मुळातले अवयव अर्धवट पाडलेले असतात. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे सगळं मूळ अवयवांवर उभं असतं. तिथे एक चूक झाली की खालची सगळी उत्तरं एकत्र चुकतात, आणि दिसायला मात्र व्यवस्थित दिसतात.

म्हणून इथे एकच संख्या घेऊन शेवटपर्यंत जाऊ: ३,०४,५७,२२४. नेहमीच्या बहुतेक चुका हिच्यात सापडतात, म्हणूनच ही निवडली आहे. कागद-पेन घेऊन सोबत आकडेमोड करा, नुसतं वाचून हे हाताला लागत नाही.

## तयारी

संख्या दोनदा लिहा. एकदा आपल्या नेहमीच्या स्वल्पविरामांनी: ३,०४,५७,२२४. दुसऱ्यांदा उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून: ३० | ४५७ | २२४. दुसरी मांडणी का लागते ते पहिल्या टप्प्यात कळेल.

१०० पर्यंतच्या मूळ संख्या कागदाच्या कडेला लिहून ठेवा. त्या २५ आहेत. लिहून झाल्यावर मोजा. ९१ यादीत आलेली असेल तर खोडा, कारण ती ७×१३ आहे. ५७ आणि ८७ सुद्धा अशाच चोरपावलांनी यादीत येतात, दोन्हींना ३ ने भाग जातो.

वर्गमूळ कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये येतं ते काढा. ५५१८ चा वर्ग ३,०४,४८,३२४ आणि ५५१९ चा वर्ग ३,०४,५९,३६१. आपली संख्या या दोन्हींच्या मध्ये आहे. एवढ्यानेच ती पूर्ण वर्ग नाही हे ठरलं, आणि विभाजकांच्या प्रत्येक जोडीतला लहान विभाजक ५५१८ च्या पुढे जाणार नाही हेही ठरलं.

> सावधान: संख्या १५ अंकांपेक्षा मोठी असेल तर एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकू नका. एक्सेल १५ अंकच धरून ठेवतं, पुढच्या अंकांच्या जागी शून्य येतात आणि कोणतीही सूचना मिळत नाही. जावास्क्रिप्टच्या साध्या आकड्यांत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी टिकेल याची खात्री नाही. अशा वेळी पायथॉन वापरा, तिथे पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही.

## टप्पा १: कसोट्या लावा, पण भागाकार अजून नको

शेवटचा अंक ४ आहे, म्हणजे २ ने भाग जातो आणि ५ ने जात नाही. शेवटचे तीन अंक २२४, त्यांना ८ ने भाग जातो (८×२८), म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. आणखी एक पाऊल पुढे जा: शेवटचे चार अंक ७२२४, त्यांना १६ ने भागल्यावर बाकी ८. म्हणजे २ हा अवयव नेमका तीन वेळा आहे, चौथ्यांदा नाही.

अंकांची बेरीज ३+०+४+५+७+२+२+४ = २७. इथे हमखास पाय घसरतो. बेरीज २७ आली म्हणून ‘२७ ने भाग जातो’ असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच खरी आहे. कारण सोपं आहे: १०, १००, १००० यांना ९ ने भागल्यावर बाकी १ राहते, म्हणून अंकांची बेरीज चालते. २७ ने भागल्यावर १० ची बाकी १० च राहते, तिथे तो आधारच नाही. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, २७ ने जात नाही. अंकांच्या बेरजेनेच संख्येला निःशेष भाग जात असेल तर तिला हर्षद संख्या म्हणतात, हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलं. आपली संख्या त्यात बसत नाही.

आता ७, ११ आणि १३ यांची एकत्र कसोटी. ७×११×१३ = १००१, म्हणून तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून आलटून पालटून वजा-अधिक करायचे:

२२४ − ४५७ + ३० = −२०३

२०३ = ७×२९. म्हणजे ७ ने भाग जातो, ११ ने नाही, १३ ने नाही.

> सावधान: ही कसोटी आपल्या नेहमीच्या स्वल्पविरामांवर लावू नका. लाख-कोटीच्या पद्धतीत शेवटचा गट तीन अंकांचा आणि बाकीचे दोन अंकांचे असतात. तसे गट घेतले तर २२४ − ५७ + ४ − ३ = १६८ येतं. १६८ लाही ७ ने भाग जातो, पण तो निव्वळ योगायोग आहे, आणि म्हणूनच ही चूक पकडली जात नाही. खात्री करायची असेल तर १,००,१०० घ्या. बरोबर गट १०० आणि १००, वजाबाकी शून्य, म्हणजे ७, ११, १३ तिन्हींनी भाग जातो. स्वल्पविरामांचे गट घेतले तर १०१ येतं आणि तिन्ही हातातून सुटतात.

## टप्पा २: लहानापासून सुरू करा, एकेक अवयव संपवा

आता भागाकार. नियम एकच: हातात घेतलेला अवयव पूर्ण संपेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही.

२ ने: ३,०४,५७,२२४ → १,५२,२८,६१२ → ७६,१४,३०६ → ३८,०७,१५३. विषम संख्या आली, २ संपला. तीन वेळा, पहिल्या टप्प्याशी जुळलं.

३ ने: ३८,०७,१५३ → १२,६९,०५१ → ४,२३,०१७. अंकांची बेरीज १७, म्हणजे ३ संपला. दोन वेळा.

७ ने: ४,२३,०१७ → ६०,४३१ → ८,६३३. पुन्हा ७ ने भागलं तर बाकी २. दोन वेळा.

७ ने एकदा भाग गेला की लोक समाधानाने ११ कडे वळतात. कसोटी ‘भाग जातो’ एवढंच सांगते, किती वेळा जातो ते सांगत नाही. दुसरा ७ इथे सुटला तर पुढची यादी कितीही काटेकोर असली तरी उपयोग नाही, कारण ७ कडे परत कुणी पाहत नाही.

## टप्पा ३: उरलेली संख्या मूळ आहे असं गृहीत धरू नका

हातात ८६३३ उरली. सगळ्यात जास्त उत्तरं इथे वाया जातात. विषम, ३ ने भाग नाही, ५ ने नाही, ७ ने नाही, ११ आणि १३ आधीच बाद. दिसायला अगदी मूळ संख्येसारखी. ‘८६३३ मूळ’ असं लिहिलं जातं आणि पुढचं सगळं कोसळतं.

आधी मर्यादा नव्याने ठरवा. सुरुवातीच्या आठ अंकी संख्येच्या वर्गमूळाचा, म्हणजे ५५१८ चा, आता संबंध नाही. ९२ चा वर्ग ८४६४, ९३ चा ८६४९. म्हणजे ९२ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. कुणी निम्म्यापर्यंत, ४३१६ पर्यंत, तपासायला निघतं, त्याची गरज नाही. कुणी कंटाळून ५० पाशी थांबतं, ते मात्र घातक आहे.

११ ते ८९ मध्ये २० मूळ संख्या आहेत. क्रमाने भागत गेलं की बाक्या अशा येतात:

- ११ ला ९, १३ ला १, १७ ला १४, १९ ला ७, २३ ला ८
- २९ ला २०, ३१ ला १५, ३७ ला १२, ४१ ला २३, ४३ ला ३३
- ४७ ला ३२, ५३ ला ४७, ५९ ला १९, ६१ ला ३२, ६७ ला ५७
- ७१ ला ४२, ७३ ला १९, ७९ ला २२, ८३ ला १
- ८९ ला शून्य

एकोणीस वेळा नकार आणि विसाव्या वेळी होकार. ८६३३ = ८९×९७. ही यादी पहिल्यांदा हाताने करताना ८३ ची बाकी १ आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं, आता काही निघणार नाही अशी खात्रीच झाली होती. पुढच्याच संख्येत उत्तर होतं. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: मर्यादेच्या आतली शेवटची मूळ संख्या तपासून झाल्याशिवाय ‘मूळ’ हा शब्द लिहायचा नाही.

एक आडवाट आहे, ती यादीच्या आधी दोन मिनिटं वापरून पाहा. संख्येच्या लगेच वरचा वर्ग घ्या आणि फरक पाहा:

८६४९ − ८६३३ = १६, आणि १६ हा ४ चा वर्ग.

म्हणजे ८६३३ = (९३−४)×(९३+४) = ८९×९७. वीस भागाकारांचं काम एका वजाबाकीत झालं. फरक वर्ग आला नाही तर ९४ चा वर्ग, मग ९५ चा, असं पुढे जायचं. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ही वाट लवकर पोचवते. एक अवयव लहान आणि दुसरा फार मोठा असेल तर ती लांबच लांब जाते, म्हणून पाच-सहा पावलांत जमलं नाही तर यादीकडे परत या.

८९ आणि ९७ दोन्ही मूळ आहेत, कडेच्या यादीत सापडतील. अवयव पूर्ण झाले:

३,०४,५७,२२४ = २×२×२ × ३×३ × ७×७ × ८९ × ९७

## टप्पा ४: उलट गुणून पाहा

८×९ = ७२, ७२×४९ = ३५२८, ३५२८×८६३३ = ३,०४,५७,२२४. जुळलं.

घाईत असणारे फक्त ९ ची बाकी पाहतात. इथे ती तपासणी निकामी आहे. अवयवांत ९ आहेच, त्यामुळे ८६३३ च्या जागी भलतीच संख्या लिहिली असती तरी बाकी शून्यच आली असती. त्याऐवजी ११ ची बाकी घ्या: ७२ ची ६, ४९ ची ५, ८६३३ ची ९. ६×५ = ३०, बाकी ८. ८×९ = ७२, बाकी ६. आणि आपल्या आठ अंकी संख्येत उजवीकडून ४−२+२−७+५−४+०−३ = −५, म्हणजे बाकी ६. जुळतं. शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट उतरवले गेले असतील तर ९ ची बाकी ते पकडत नाही, ११ ची पकडते.

## टप्पा ५: विभाजक, त्यांची बेरीज, सहमूळ संख्या

सूत्र आठवतं पण नीट आठवत नाही, ही इथली अडचण. म्हणून आधी १२ वर करून पाहा. १२ = २×२×३. विभाजक १, २, ३, ४, ६, १२, म्हणजे ६. बेरीज २८. १२ पर्यंतच्या १२ शी सहमूळ संख्या (१२ शी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) १, ५, ७, ११, म्हणजे ४. तुमचं सूत्र १२ ला ६, २८ आणि ४ देत नसेल तर मोठ्या संख्येला लावू नका.

विभाजकांची संख्या. प्रत्येक अवयव किती वेळा आला त्यात १ मिळवा, मग गुणा. इथे ३, २, २, १, १ वेळा आहेत, म्हणून ४×३×३×२×२ = १४४. तो १ विसरलात तर १२ येतील. १४४ ही सम संख्या आहे, तशी यायलाच हवी: विभाजकांची संख्या विषम फक्त पूर्ण वर्गांचीच असते.

विभाजकांची बेरीज. प्रत्येक अवयवाचा गट करा, गटाची सुरुवात १ पासून:

- २ साठी १+२+४+८ = १५
- ३ साठी १+३+९ = १३
- ७ साठी १+७+४९ = ५७
- ८९ साठी ९०, ९७ साठी ९८

गुणाकार पायरीपायरीने: १९५, ११,११५, १०,००,३५०, आणि शेवटी ९,८०,३४,३००. यातून स्वतः संख्या वजा केली की ६,७५,७७,०७६ उरतात, म्हणजे संख्येच्या दुपटीपेक्षाही जास्त. परिपूर्ण संख्येत हे उत्तर नेमकं संख्येइतकं येतं, जसं २८ मध्ये १+२+४+७+१४ = २८.

सहमूळ संख्या. प्रत्येक वेगळ्या अवयवातून १ वजा करून गुणा: १×२×६×८८×९६ = १,०१,३७६. इथेच थांबणं ही ठरलेली चूक. पुन्हा आलेले अवयव अजून बाकी आहेत: दोन जादा २, एक जादा ३, एक जादा ७, म्हणजे ८४. १,०१,३७६×८४ = ८५,१५,५८४.

> तपासा: ८६३३ ला मूळ मानलं असतं तर अनुक्रमे ७२, ९,५९,६६,९१० आणि ८७,०१,०५६ आले असते. तिन्ही चूक, आणि एकाकडेही पाहून संशय आला नसता.

## टप्पा ६: वर्गाचे प्रश्न

संख्या वर्ग नाही हे तयारीतच कळलं. पण शेवटचा अंक ४ वर्गाला चालतो, अंकांची बेरीज करत गेलं की ९ उरतात, तेही चालतात, आणि शेवटी २४ असलेले वर्गही असतात, उदाहरणार्थ १८ चा वर्ग ३२४. या कसोट्या फक्त नकार देण्यासाठी आहेत. त्या पास झाल्या म्हणून होकार मिळत नाही. अवयव पाहिले की एका नजरेत कळतं: २, ८९ आणि ९७ विषम वेळा आलेत.

किमान कितीने गुणलं की वर्ग होईल? २×८९×९७ = १७,२६६ ने. मग वर्गमूळ ७,२५,१७२.

## टप्पा ७: दोन वर्गांची बेरीज

माझ्या मते या संख्येचा सगळ्यात सुंदर गुण हाच. आणि नुसत्या अंकांकडे पाहून तो कळणं शक्य नाही.

नियम असा: ४ ने भागल्यावर बाकी ३ राहणारे मूळ अवयव प्रत्येकी सम वेळा आले पाहिजेत. असे अवयव ३ आणि ७, दोन्ही दोन-दोन वेळा. म्हणजे शक्य आहे. टप्पा २ मध्ये दुसरा ७ सुटला असता तर उत्तर ‘अशक्य’ आलं असतं.

८९ = ८ चा वर्ग + ५ चा वर्ग. ९७ = ९ चा वर्ग + ४ चा वर्ग. यांचा गुणाकार दोन तऱ्हांनी जोडता येतो. पहिली तऱ्हा: ८×९+५×४ = ९२ आणि ८×४−५×९ = −१३, म्हणजे ९२ आणि १३. दुसरी: ८×९−५×४ = ५२ आणि ८×४+५×९ = ७७. पडताळा: ८४६४+१६९ = ८६३३, आणि २७०४+५९२९ = ८६३३.

आता ८ ने गुणायचं: जोडीची बेरीज आणि वजाबाकी घ्या, दोन्ही दुप्पट करा. ९२ आणि १३ पासून २१० आणि १५८. ७७ आणि ५२ पासून २५८ आणि ५०. शेवटी उरलेल्या ३×३×७×७ साठी दोन्ही संख्यांना २१ ने गुणा:

- ४४१० आणि ३३१८: १,९४,४८,१०० + १,१०,०९,१२४ = ३,०४,५७,२२४
- ५४१८ आणि १०५०: २,९३,५४,७२४ + ११,०२,५०० = ३,०४,५७,२२४

क्रमाची अदलाबदल सोडली तर एवढ्या दोनच तऱ्हा आहेत. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता आली तर एकाच तऱ्हेने येते. म्हणून ८६३३ च्या दोन तऱ्हा सापडणं हाच ती मूळ नसल्याचा स्वतंत्र पुरावा आहे.

## टप्पा ८: द्विमान रूप

द्विमान रूप म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या. २ ने भागत जायचं आणि बाक्या लिहायच्या. पहिली बाकी उजव्या टोकाला जाते. वरून खाली वाचली तर संख्या उलटी होते. उत्तर: १ ११०१ ०००० १०११ ११०१ १००० १०००. अंक २५, त्यात १ बारा वेळा. शेवटी तीन शून्यं आहेत, कारण २ हा अवयव तीन वेळा आहे. हे जुळलं नाही तर बाक्या पुन्हा मोजा.

## संख्या याहून खूप मोठी असेल तर

वीस-पंचवीस अंकी संख्येला लहान अवयवांनी भागून झाल्यावर जे उरतं ते मूळ आहे का, हे यादीने ठरवता येत नाही. तिथे फर्माची कसोटी लावतात: उरलेल्या संख्येपेक्षा १ ने कमी एवढा २ चा घात घ्यायचा आणि त्याच संख्येने भागून बाकी पाहायची. बाकी १ नसेल तर संख्या नक्की संयुक्त. ८६३३ साठी २ चा ८६३२ वा घात घेतला की बाकी ७०२० येते, म्हणजे अवयव न शोधताही निकाल लागतो.

हा घात आधी पूर्ण काढून मग भागू नका, तो २५९९ अंकी आहे. २ पासून सुरू करून वर्ग करत जा आणि प्रत्येक वर्गानंतर लगेच बाकी घ्या. ८६३२ = ८१९२+२५६+१२८+३२+१६+८, म्हणून तेरा वेळा वर्ग करून हवे ते सहा तुकडे गुणले की झालं. गुणतानाही दरवेळी बाकी घ्या.

> सावधान: बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३४१ = ११×३१, तरी २ ची कसोटी ती पार करते. ५६१ = ३×११×१७ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या कोणत्याही पायाने (२ च्या जागी घात घ्यायला वापरलेल्या संख्येने) पार होते. म्हणून प्रत्यक्ष कामात मिलर-राबिन कसोटी, म्हणजे याच कसोटीचं अधिक कडक रूप, वापरा. ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान विषम संख्येसाठी २, ३, ५, ७ हे चार पाये लावले की निकाल पक्का असतो. नेमकी ही संख्या स्वतः संयुक्त असून चारही पायांतून निसटते, म्हणून त्या मर्यादेपासून पुढे आणखी पाये घ्यावे लागतात.

कसोटीने ‘संयुक्त’ सांगितलं तर टप्पा ३ वर परत जा. अवयव पूर्ण होत नाहीत तोवर टप्पा ५ चा एकही आकडा कागदावर उतरवू नका.